सोळा किलो पीठ आणि एक मासा

रविवारी सकाळी तक्तेसाहेब दिवाणखान्याच्या मधोमध मांडी घालून दंडाला बांधायचे नारिंगी फुगे चौथ्यांदा फुगवत होते आणि त्यांची चार वर्षांची लेक सोफ्यावर पालथी पडून पोहत होती. फुगे फुगवायचे, दहा मिनिटं ठेवायचे, टेप लावून घेर मोजायचा आणि हवा किती गेली ते वहीत लिहायचं, असा कार्यक्रम चालला होता. फुगे ठणठणीत होते. हवा गेली होती ती तक्तेसाहेबांची.

तक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत ते खरेदी अधिकारी होते. तिथे क्रेन घ्यायची असो की टाचण्या, तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय फाटकातून काही आत येत नसे, आणि तक्ते करण्यात साहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. मागे एका कारकुनाच्या पाठदुखीसाठी खुर्ची घ्यायचं ठरलं. साहेबांनी बावीस रकान्यांचा तक्ता केला. खुर्ची आली तेव्हा कारकून निवृत्त होऊन आठवडा झाला होता. खुर्ची मात्र उत्तम निघाली, असं त्याच्या जागी आलेला माणूस सांगतो. त्याची पाठ तशीही दुखत नव्हती.

तर अशा माणसाकडे बायकोने लेकीसाठी पोहण्याचं साधन आणायचं काम दिलं होतं. त्याला तीन आठवडे झाले होते. घरात सात साधनं आली होती: दंडावरचे फुगे, बदकाचं तोंड असलेली फुगवायची रिंग, फोमचा कमरपट्टा, पाठीवर बांधायची फोमची ढाल, बकलांचं जॅकेट, एक लांबलचक मऊ नळी आणि हातात धरायची फळी. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. निर्णय मात्र विचाराधीन होता.

"अरे, पुढच्या रविवारी क्लास सुरू होतोय," बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती. समोरच्याला तोंड उघडं असूनही बोलता येत नाही अशा वेळी बोलायची तिला सवय होती. "पहिल्या दिवशी जो येणार नाही त्याची जागा दुसऱ्याला देणार म्हणाल्यात क्लासच्या ताई. वीस मुलं यादीत ताटकळतायत. यातलं एक काहीतरी ठरव आणि मोकळा हो."

"अगं, लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे. काहीतरी कसं ठरवू?"

"तू स्वतः एवढा पट्टीचा पोहणारा. मासे कधी तक्ता करतात का रे?"

यावर साहेब हसले. गेली नऊ वर्षं ते यावर नुसतंच हसत होते, आणि सगळी गोम तिथेच होती.

दिवाणखान्यातल्या कपाटात काचेआड एक चकचकीत कप होता. झाकणावर सूर मारणारा छोटासा माणूस, खाली पट्टीवर 'खुली जलतरण स्पर्धा' अशी अक्षरं, आणि त्याखालच्या ओळीवर माशाचा एक स्टिकर. लग्न ठरायच्या आधी बायकोने तो कप पाहिला होता आणि "अय्या, तुम्ही पोहता?" असं विचारलं होतं. साहेब तेव्हा पहिल्यांदा हसले. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. कप खरा होता, स्पर्धा खरी होती, साहेब त्या दिवशी तलावावर हजर होते हेसुद्धा खरं होतं. फक्त ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरडे होते. तक्तेसाहेबांना पोहता येत नव्हतं. अंघोळीच्या वेळी तोंडावर तांब्या ओतताना ते डोळे गच्च मिटून श्वास रोखून धरत.

लेक होईपर्यंत त्या ओळीसमोर एक फुलदाणी असे; आता स्टिकर लेकीने लावलाय, असं ते सांगत. लेकीने फ्रीजपासून आजोबांच्या फोटोपर्यंत घरभर स्टिकर लावलेले असल्यामुळे त्यात एक जास्तीचा कोणाच्या लक्षात येत नव्हता.

आणि आता ताईंनी अट घातली होती: पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबरोबर पालकाने पाण्यात उतरायचं. कोण उतरणार हा प्रश्न घरात कोणाला पडलाच नाही. साहेबांनी मनातल्या मनात गणित केलं. लेकीला पाच पूर्ण व्हायला सात महिने होते. पाचच्या पुढे पालक लागत नव्हता. सात महिने म्हणजे काय, ऑफिसात तेवढ्यात साधं स्टेपलर येत नाही. साधनाची निवड नीट लांबवली, तर बापाची अब्रू आणि लेकीचा जीव दोन्ही वाचणार होते.

अडचण एकच होती, ती म्हणजे लेक. घरात तिला बेडकी म्हणत, कारण ती चालत नसे, उड्या मारे. पण पाण्याचं नाव काढलं की ही बेडकी दगडासारखी बसायची. केस धुवायच्या दिवशी तिचा टाहो तळमजल्यापर्यंत ऐकू जाई. ती क्लासला तयार झाली होती ती एकाच भरवशावर. "माझा बाबा मासा आहे," असं ती शेजारीपाजारी, बालवाडीत आणि भाजीवाल्याला सांगून आली होती. "तो असला की मला काही होणार नाही."

त्या रविवारी फुगे उत्तीर्ण झाल्यावर साहेबांनी पाण्यातली चाचणी काढली. लेकीचं वजन सोळा किलो. तिच्यावर थेट प्रयोग करणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून पाच किलो पिठाच्या तीन पिशव्या आणि एक किलोची एक, अशा चार पिशव्या उचलल्या, एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ओतल्या, तोंड घट्ट बांधलं आणि वरून लेकीचा जुना फ्रॉक चढवला. लेकीने लगेच स्केचपेनने डोळे काढले, तोंड काढलं आणि नावही ठेवलं.

"ही पिठी. बाबा, हिला पाण्याची भीती वाटते."

"वाटू दे. आपण तिला जॅकेट घालू."

बाथरूममधला निळा ड्रम काठोकाठ भरला होता. साहेबांनी पिठीला जॅकेट घातलं, बकलं लावली, वहीत वेळ टाकली आणि तिला पाण्यात सोडलं. पहिलं मिनिट झकास गेलं. मग असं झालं की पिठाच्या पिशवीला खांदे नसतात. ही गोष्ट बावीस काय, बावीसशे रकान्यांच्या तक्त्यात आली नसती. जॅकेट हळूच वर सरकलं, पिठीच्या डोक्यावरून निघालं आणि एकटंच दिमाखात तरंगायला लागलं. पिठी खाली गेली. साहेबांनी घाईघाईने बाहीला धरून ओढली, तशी बाही हातात आली, पिशवी बकलाला अडकून टरकन फाटली आणि ड्रमातलं पाणी पांढरंफेक झालं.

लेक दारात उभी होती.

"बाबा, पिठी बुडाली."

"अगं, ते पीठ आहे."

"तू तिला वाचवलं नाहीस. तू तर मासा आहेस ना?"

"ड्रम लहान आहे गं. त्यात बाबा कसा मावेल? मोठ्या पाण्यात असती तर लगेच वाचवली असती."

"मग मला वाचवशील ना?"

"हो," साहेब म्हणाले. हे मात्र हसणं नव्हतं, हे सरळ सरळ खोटं बोलणं होतं.

खोटं पचवायला वेळ नव्हता. बायको दाताच्या एका तातडीच्या पेशंटसाठी दवाखान्यात गेली होती आणि तासाभरात परतणार होती. साहेबांनी ड्रम कलंडवला. सोळा किलोंचा राडा बाथरूमभर पसरला, जाळीपर्यंत गेला आणि तिथेच बसला. काठीने ढोसून पाहिलं. हलेना. मग साहेबांना एक नामी युक्ती सुचली. गरम पाण्याने सगळं विरघळतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी मोठं पातेलं भरून पाणी उकळलं आणि जाळीत ओतलं. मग आणखी एक पातेलं ओतलं. ओल्या पिठात उकळतं पाणी ओतलं की काय तयार होतं, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी कागद चिकटवायची खळ केली आहे त्याला वेगळं सांगायला नको. साहेबांनी कधी केली नव्हती. ऑफिसात डिंकाच्या बाटल्या तक्त्याने येत.

दहाव्या मिनिटाला दारावरची बेल वाजली ती थांबेचना.

दारात खालच्या मजल्यावरच्या ताई उभ्या होत्या. ताई म्हणजे पोहण्याच्या क्लासच्या त्याच ताई. पन्नाशीला टेकलेल्या, खांदे दरवाजाएवढे, आवाज तलावाच्या त्या टोकाला पोचेल असा. या घडीला त्यांच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत पांढरा चिकटा होता.

"काय रे, वर काय शिजवतोयस? माझ्या मोरीच्या जाळीतून उकळी फुटतेय!"

"ताई, जरा... चाचणी चालली होती."

"कसली?"

"बेडकीच्या साधनांची."

ताई आत आल्या. त्यांनी दोऱ्याला बांधलेल्या सात चिठ्ठ्या पाहिल्या, भिंतीवरचा तक्ता पाहिला, बाथरूममधला चिखल पाहिला आणि त्यात पडलेला फ्रॉक पाहिला.

"पीठ तरंगतं की बुडतं हे कळून तू काय करणार होतास? पोरगी पीठ आहे का?"

तेवढ्यात ताईंनीच बोलावलेला प्लंबर आला. त्यापाठोपाठ बायको आली. प्लंबरने जाळी काढली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि बराच वेळ नुसता विचार करत बसला.

"साहेब, वीस वर्षं पाइपात हात घालतोय. केस निघतात, साबण निघतो, एकदा तर दातांची कवळी निघाली. पण शिजलेलं असं पहिल्यांदाच निघतंय."

"कवळी वरची होती की खालची?" बायकोने विचारलं. धंद्याची सवय, दुसरं काय. मग तिची नजर रिकाम्या पिठाच्या पिशव्यांवर गेली आणि तिने पुढचं जे काही विचारलं ते फक्त साहेबांना विचारलं. ते इथे सांगण्यासारखं नाही.

प्लंबर खाली-वर करत होता तोवर ताईंनी तीन आठवड्यांचं काम अर्ध्या मिनिटात उरकलं. "हे फुगे ओल्या दंडावरून सटकतात. पोर हात वर करतं आणि खलास. रिंग उलटली की डोकं खाली, पाय वर. बदक कितीही गोड हसत असू दे. पट्टा आणि ढाल आत्ताच नकोत, जरा पाय मारायला लागली की बघू. नळी आणि फळी शिकताना हातात द्यायची, त्याच्या भरवशावर सोडायचं नाही. बेडके, इकडे ये." त्यांनी लेकीला जॅकेट चढवलं, पायांमधला पट्टा लावला, बकलं आवळली आणि खांद्याला धरून जॅकेट वर ओढलं. ते जागचं हललं नाही. "कानाशी आलं नाही म्हणजे मापाचं आहे. झालं. हे घेऊन ये."

"एवढंच?" बायको म्हणाली.

"एवढंच. आणि काहीही घातलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे. खरं साधन तेच. बाकी सगळा फोम."

तक्तेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सात महिन्यांचं काम असं सात चिठ्ठ्यांसकट निकालात निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तेवढ्यात ताईंचं लक्ष कपाटाकडे गेलं.

"हा कप कोणाचा?"

"याचाच!" बायको म्हणाली. पिठाचा राग बाजूला ठेवून तिला अजूनही कपाचा अभिमान होता. "कॉलेजात असताना जिंकलेला. बोलत नाही कधी, लाजतो."

"असं?" ताई काचेला नाक लावून बघत राहिल्या. "या स्पर्धेत मीही होते."

ताईंच्या त्या स्पर्धेची गोष्ट इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ होती. ताई तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. त्यांची ती शेवटची मोठी शर्यत. चौथी लेन. आयुष्यात पोहल्या नाहीत इतक्या जोरात त्या दिवशी पोहल्या, विक्रम मोडला अशी सगळ्यांची खात्री होती, आणि शेवटी कळलं की चौथ्या लेनच्या घड्याळवाल्या गाढवाने बटणच दाबलं नव्हतं. वेळ नाही म्हणून विक्रम नाही. पुढच्या वर्षी खांदा गेला. ही गोष्ट साहेबांनी जिन्यात निदान वीस वेळा ऐकली होती आणि दर वेळी त्या गाढवाला ताईंपेक्षा एक शिवी जास्तच घातली होती. "असतात बेजबाबदार लोक," असंही ते वर म्हणत.

"मग ठरलं तर," ताई म्हणाल्या. "रविवारी मुलांना शिकवायला लागायच्या आधी तू मोठ्या तलावात एक फेरी मारून दाखव. पोरं बघून शिकतात. एरवी मीच मारते, पण माझा खांदा आता साथ देत नाही."

"बाबा पोहणार! बाबा पोहणार!" बेडकी जॅकेटसकट उड्या मारत ओरडली.

"पाण्यात पडलं की पोहता येतं," असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणारे बहुतेक काठावरच असतात. तो आठवडा साहेबांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुपारी ऑफिसात फायलीआड पोहण्याची चित्रं पाहिली. सकाळी दार लावून पलंगावर पालथं पडून हातपाय मारले. लेकीने दार ढकलून पाहिलं आणि "बाबा, पाय असे नाही, बेडकासारखे," असं सांगून गेली. बुधवारी त्यांनी शेवटचा उपाय म्हणून ताईंना एक लेखी पत्र दिलं. त्यात चौदा प्रश्न होते: पाणी कधी बदललं, औषध किती टाकता, फरशा घसरड्या आहेत का, शिट्टीचा आवाज लहान मुलांच्या कानांना चालेल का, वगैरे. सगळी उत्तरं लेखी मिळेपर्यंत प्रवेश स्थगित ठेवावा, ही विनंती. ताईंनी त्याच कागदाच्या मागे लिहून पाठवलं: 'रविवार, सात वाजता. टॉवेल आण.'

रविवारी पावणेसातलाच तिघं तलावावर होती. बारा मुलं, बारा पालक, आणि बाकांवर बसलेल्या आया, बाबा, आज्या. साहेबांनी लेकीला कडेवर घेतलं, कठड्याला धरलं आणि डोळे मिटून लहान तलावाची पहिली पायरी उतरले. मग दुसरी, तिसरी. चौथी पायरी सापडेना. पाय चाचपत राहिला. शेवटी त्यांनी एक डोळा उघडला. ते तलावाच्या तळाशी उभे होते आणि पाणी त्यांच्या मांडीपर्यंत होतं.

"ताई," त्यांच्या तोंडून निघालं, "पाणी एवढंच?"

"मग काय, चार वर्षांच्या पोरांना समुद्रात सोडू?"

सात साधनं, बावीस रकाने, चौदा प्रश्न, सोळा किलो पीठ. पाणी किती खोल आहे हे मात्र साहेबांनी कोणालाही विचारलं नव्हतं. त्यांना हसू यायला लागलं. मांडीभर पाण्यात आपण सात महिने सहज काढू असं वाटलं. कप कपाटात राहील, स्टिकर कपावर राहील, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची.

"चला," ताईंनी शिट्टी फुंकली. "सगळ्यांनी मोठ्या तलावाकडे बघा. बेडकीचे बाबा आता एक फेरी मारणार आहेत."

मोठा तलाव कठड्यापलीकडेच होता. पाटीवर लिहिलं होतं: खोली बारा फूट. साहेबांनी पायाला वांब आल्याचं तोंड केलं आणि लेकीला कडेवर सावरत, वाकून एका हाताने पोटरी धरली. वाक्यही तयार होतं. पण तेवढ्यात बेडकी शेजारच्या मुलाशी बोलताना त्यांना ऐकू आली.

"तू रडू नको. माझा बाबा आहे ना. तू बुडलास तरी तो काढेल. आमची पिठी बुडाली, पण तेव्हा ड्रम लहान होता. मोठ्या पाण्यात तो सगळ्यांना वाचवतो. मी तर मोठ्या तलावातपण उडी मारणार आहे. बाबा असला की काही होत नाही."

साहेबांचा पोटरीवरचा हात तसाच राहिला. पोरगी ज्या साधनाच्या जिवावर पाण्यात उतरली होती, ते एकच साधन त्यांनी तपासलं नव्हतं. आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं: पाण्यात टाकलं की सरळ तळाला. उद्या ही खरंच कठडा ओलांडून गेली तर? त्यांना जॅकेटची बकलं दिसेनात, इतकं डोळ्यात पाणी आलं. ते उभे राहिले.

"ताई, मला पोहता येत नाही."

"काय?"

"अजिबात येत नाही. कधीच आलं नाही. बेडके, ऐक. बाबा मासा नाहीये. बाबाला पाण्याची भीती वाटते, तुझ्यापेक्षा जास्त. तू खोल पाण्यात गेलीस तर बाबाला तुला काढता येणार नाही. म्हणून जायचं नाही. कळलं?"

बाकावरून बायकोचा आवाज आला. "आणि तो कप?"

"तो स्वयंसेवकांना दिलेला. मी पोहलो नव्हतो. मी काठावर घड्याळ धरून उभा होतो."

बोलून झाल्यावर साहेबांना हलकं वाटलं. फारच हलकं वाटलं. ते हलकेपण नेमकं तीन सेकंद टिकलं, कारण चौथ्या सेकंदाला ताईंनी गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "कितव्या लेनचं घड्याळ?"

आता खोटं बोलायला साहेबांकडे काही शिल्लक उरलं नव्हतं.

"चौथ्या."

ताई पाण्यात उतरल्या. बाकीच्या अकरा पालकांनी आपापली पोरं उचलून बाजूला घेतली.

"शर्यत सुटली तेव्हा पाणी उडालं," साहेब भराभर सांगायला लागले. "एकदम बुटापर्यंत आलं. मी घाबरलो. डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. उघडले तेव्हा तुम्ही येऊन टेकला होतात."

"वीस वर्षं," ताई म्हणाल्या. "वीस वर्षं मी त्या गाढवाला शोधतेय, आणि तू माझ्या डोक्यावर राहतोस? वर आणि माझ्याबरोबर जिन्यात उभा राहून त्याला शिव्या घालतोस?"

"मनापासून घालत होतो, ताई."

पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण मध्येच बेडकीने साहेबांच्या ओल्या शर्टाला झटका दिला. ती इतका वेळ विचार करत होती.

"बाबा, मग आपल्या घरात मासा कोण आहे?"

उत्तर ताईंनी दिलं, आणि देताना त्यांचा आवाज थोडा खाली आला. "सध्या कोणीच नाही. जागा रिकामी आहे."

"मग मी होते," बेडकी म्हणाली. तिने बापाच्या गळ्यातला हात काढला, ताईंच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं आणि नाक धरून पाण्यात उडी मारली. जॅकेटने तिला बुचासारखं वर आणलं. ती खोकली, तिने तोंडावरचं पाणी पुसलं आणि बापाला म्हणाली, "तू इथेच थांब हं. घाबरू नको. मी आहे."

घरी आल्यावर बायकोने कपावरचा स्टिकर नखाने सोलून काढला. खाली कोरलेलं होतं: 'वेळनोंदणी साहाय्यक'. तिने साहेबांना खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "उघड तोंड. आता सगळं बाहेर काढ. अजून काय काय किडलंय?" एका बैठकीत ते काम झालं नाही. पण कप तिने फेकला नाही. त्यात आता बेडकीचे पेन्सिलचे तुकडे असतात.

ताईंनी साहेबांना एकच शिक्षा दिली. रोज सकाळी, ऑफिसच्या आधी, लहान तलावात एक तास. मोठ्यांच्या मापाचं जॅकेट त्यांना आणू दिलं नाही, कारण त्याचा तक्ता होईपर्यंत ताईंना निवृत्त व्हायचं नव्हतं. नळी आणि फळी घरात होतीच. पहिल्या आठवड्यात साहेब नाकातून इतकं पाणी प्यायले की त्यांनी ऑफिसात चहा बंद केला. तिसऱ्या आठवड्यात ते दोन सेकंद तरंगले आणि ते पाहायला प्लंबरसुद्धा मुद्दाम आला होता. दरम्यान बेडकीने जॅकेट सोडून कमरपट्टा धरला होता आणि ती काठावर बसून बापाला "पाय बेडकासारखे!" असं ओरडून सांगत असे.

सातव्या आठवड्यातल्या एका सकाळी साहेबांनी फळी काठावर ठेवली. लहान तलावाची रुंदी आठ मीटर. त्या टोकाला ताई हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या, शेजारी बेडकी, तिच्या शेजारी बायको. पाणी मांडीएवढंच होतं, कुठेही उभं राहिलं तरी चाललं असतं, पण साहेब उभे राहिले नाहीत. त्यांनी हात मारले, पाय मारले, दोनदा पाणी गिळलं, एकदा भलत्याच दिशेला गेले, डोळे उघडे ठेवून परत वळले आणि शेवटी छातीचा भाता करून पलीकडच्या काठाला येऊन टेकले. बायकोने टाळ्या वाजवल्या. बेडकीने उडी मारून त्यांच्या गळ्याला मिठी घातली.

"किती... किती वेळ लागला, ताई?" साहेबांनी धापा टाकत विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तलावाचं नव्हतं.

ताईंनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, उलटं करून पाहिलं, कानाला लावून पाहिलं.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "बटण दाबायचंच राहिलं की! चल, पुन्हा."